इंजिन बदललेलं, बाकी ओरिजिनल

आपल्या देशात एकेकाळी स्पोर्ट्स कार तयार होत होती आणि तीही गोव्यात, असं सांगितलं की लोक आधी आपल्या तोंडाचा वास घेतात. पण ते खरं आहे. 1998 साली सॅन स्टॉर्म नावाची दोन दारांची, दोन सीटांची, छप्पर उघडणारी गाडी बाजारात आली. आराखडा फ्रेंच, अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, 60 अश्वशक्तीचं. ती फार खपली नाही. चार सीटांच्या गाडीत सात माणसं आणि वर सत्यनारायणाचा चौरंग बसवणाऱ्या लोकांना दोन सीटांची गाडी विकायला निघालेल्यांच्या धाडसाला मात्र माझा नमस्कार आहे.

हे धाडस आमच्या साडूंना निवृत्तीनंतर भावलं आणि त्यांनी एका जुन्या स्टॉर्मची जाहिरात शोधून काढली. जाहिरातीतला फोटो पाहून ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, एकच प्रश्न विचारला, "यात आई कुठे बसणार?" आई म्हणजे आम्हा दोघांच्याही सासूबाई. त्यावर साडूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून या खरेदीमागची प्रेरणा माझ्या लक्षात आली.

जाहिरातीत लिहिलं होतं : उत्तम स्थिती, इंजिन बदललेलं, बाकी सगळं ओरिजिनल. नवरदेव बदललाय, बाकी लग्न ठरल्याप्रमाणेच, असा तो मजकूर होता. साडूंना त्यात काही खटकलं नाही. "अहो, इंजिन नवीन म्हणजे फायदाच की!" मला मात्र सोबत घेतलं, कारण घरात चांगली बॅटरी माझ्याकडेच आहे आणि गाड्यांतलं मला कळतं असा एक गैरसमज सासरी कायम आहे. तो मी कधी दूर केलेला नाही.

पुण्याहून गोवा एक्स्प्रेसने निघालो. दूधसागरपाशी डबाभर माणसं खिडकीला चिकटलेली असताना साडू वरच्या बर्थवरून कॉम्प्रेशन म्हणजे काय ते मला समजावत होते. धबधबा गेला तरी कॉम्प्रेशन संपलं नाही.

गाडीचे मालक मडगावजवळ राहणारे, बोटीवरून निवृत्त झालेले गृहस्थ. बाल्कांवात बसवून त्यांनी आधी चहा दिला, मग बिबिंका दिलं, मग आपल्या तीन कुत्र्यांची ओळख करून दिली. गाडी दाखवायची घाई गोव्यात कोणी करत नाही. शेवटी ताडपत्री ओढली आणि खाली लालभडक, जमिनीलगत बसलेली ती दिसली. बॉनेटवर मधोमध एक ऐटदार फुगवटा होता. साडू त्यावरून हात फिरवत म्हणाले, "रेसिंगच्या गाड्यांना असतं हे. हवा आत घ्यायला."

मालकांनी बॉनेट उघडलं. आत मारुती एस्टीमचं इंजिन होतं.

फुगवट्याचाही उलगडा झाला. एस्टीमच्या इंजिनावरचा एअर फिल्टर उंच पडला, बॉनेट लागेना. पण अंग फायबरग्लासचं, आणि गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे कमी नाहीत. जेटीवरच्या एका मिस्त्रीने बॉनेट कापून, वर साचा ठेवून, राळेत भिजवलेल्या काचतंतूंचे थर चढवून तो उंचवटा घडवला होता. काम इतकं सफाईचं होतं की उरलेल्या गाडीतच काही खोट असावी असं वाटे. आतून बोट फिरवलं तेव्हा काचतंतूंची वीण हाताला लागली आणि दोन कुसळं बोटात राहिली.

साडूंचा चेहरा उतरला. पॅरिसला निघालेला माणूस कुर्डुवाडीला उतरावा तसं काही घडत होतं. मी म्हटलं, "अहो, हे इंजिन 1298 सीसीचं आहे. कागदावर 85 अश्वशक्ती. आधीच्यापेक्षा पंचवीस घोडे जास्त." साडू म्हणाले, "पण ते घोडे गुडगावचे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग रीतसर तपासणी झाली. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नव्हती, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, म्हणजे रिंगा बऱ्या. फायबर गंजत नाही, पण खालची चौकट लोखंडी, आणि समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही. म्हणून मी गाडीखाली शिरून बॅटरी मारली. इंजिन बसवण्यासाठी वेल्डिंग केलेले ब्रॅकेट मात्र गाडीपेक्षा जाड होते. उरला इंजिन नंबर. इंजिन बदललं की परिवहन कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. नाहीतर रस्त्यावर एक गाडी आणि कागदावर दुसरी. गृहस्थांनी नोंद केलेली होती. साडूंनी जमिनीवर आडवं होऊन दातांच्या ब्रशने ब्लॉकवरचा मळ काढला, वर कागद धरून पेन्सिल घासली आणि उमटलेला आकडा आरसीशी ताडून पाहिला. जुळला. फॉर्म 28 म्हणजे गोव्याची ना हरकत तयार होती. 29 आणि 30 वर, म्हणजे हस्तांतरणाच्या फॉर्मांवर, सह्या झाल्या.

निघताना मालक म्हणाले, "एक वस्तू रावली." आणि गॅरेजच्या कोपऱ्यातून पोत्यात गुंडाळलेलं जुनं रेनॉचं इंजिन दाखवलं. जाम झालेलं, पण अस्सल. "गाडये वांगडा हेंय तुमचें. फुकट." दोन सीटांच्या गाडीत ते ठेवायचं तर मला बॉनेटवर बसावं लागलं असतं. साडूंचे डोळे मात्र पाणावले. इंजिन ट्रान्सपोर्टने पुण्याला रवाना झालं.

मग मांडवीचा पूल, म्हापसा, पत्रादेवी. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासतात. लाल स्पोर्ट्स कार आणि आत दोन टकले पाहून साहेब स्वतः उठून आले. डिकीत आमच्या दोन पिशव्या आणि कोकमाची पुडी. "बॉनेट उघडा." उघडलं. साहेब आत वाकले आणि एकदम विरघळले. "एस्टीम? आमच्या काकांकडे होती हो! काय पिकअप होता!" पुढची दहा मिनिटं काकांच्या एस्टीमवर गेली. आम्ही दारू आणतोय का, हा विषय पुन्हा निघालाच नाही.

सावंतवाडी सोडली आणि पाऊस सुरू झाला. आंबोलीच्या घाटात तो आडवा-उभा-तिरपा सगळीकडून येतो. कापडी टप शिवणीवर गळत होता, आणि ती शिवण नेमकी माझ्या डोक्यावर. स्पोर्ट्स कारमध्ये छत्री उघडून बसलेला माणूस पाहायला धबधब्यावरच्या पर्यटकांनी धबधब्याकडे पाठ फिरवली. एका माकडाने टपावर उडी मारली. साडू तेवढ्यात म्हणाले, "काय ग्रिप आहे बघा!" काटा 90 वर होता आणि आम्हाला दुधाचा टेम्पो ओलांडून गेला. इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही एस्टीमचा आलेला, त्याचं आणि जुन्या काट्याचं गणित जुळत नव्हतं. साडूंना हे मी सांगितलं नाही. त्यांनी तो सबंध दिवस मोठ्या वेगाने घालवला.

गडहिंग्लजच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापलेल्या पाण्याचा वास आला. तापमानाचा काटा जोडलेलाच नव्हता, तो बर्फासारखा थंड. पट्टा तुटला होता. तो तुटला की अल्टरनेटर थांबतो आणि पाण्याचा पंपही. साडू मटकन दगडावर बसले. "आता फ्रान्सहून पार्ट मागवावा लागणार." ढकलत ढकलत पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. पोरगेलासा मेकॅनिक गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून लांबच उभा राहिला. "सायेब, ह्या इम्पोर्टेडला आपण हात लावत न्हाई." मी बॉनेट उघडलं. तो वाकला, आणि पुढच्या क्षणी बाह्या सारल्या. "आवं, हे तर एस्टीमचं हाय की! बसा निवांत, च्या घ्या." चहा येण्याआधी शेजारच्या दुकानातून पट्टा आला, चहा संपण्याआधी बसला. पैसे इतके कमी मागितले की साडूंना अपमान वाटला. स्पोर्ट्स कारच्या मालकाला कोणीतरी लुटावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

संकेश्वर, निपाणी. कोगनोळीच्या टोलनाक्यावर खिडकीतल्या मुलाला गाडीत माणूसच दिसेना, इतके आम्ही खाली. त्याने वाकून पाहिलं तेव्हा त्याला फक्त नोट धरलेला एक हात दिसला. पुढे कोल्हापूरला तांबडा-पांढरा हाणला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो नेहमीसारखाच होता. खंबाटकीच्या बोगद्यात साडूंनी उगाच गिअर उतरवून रेस केली. आवाज झकास आला, हे कबूल करायला हवं.

घरी पोचलो तर रेनॉचं इंजिन आमच्या आधी येऊन दारात बसलेलं. चौघा हमालांनी ते गॅलरीत ठेवलं आणि चौघांचे पैसे ताईंनी दिले, त्यामुळे गाडी पाहायला त्या खाली आल्याच नाहीत. सासूबाई मात्र आल्या, काठी टेकत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला ही चालेल." आता दर संकष्टीला सारसबागेच्या गणपतीला साडू त्यांना घेऊन जातात. तिसरी सीट नसल्याने ताईंना रिक्षा करावी लागते.

गाडीची महाराष्ट्रातली नोंदणी अजून चालू आहे. त्यासाठी बारा महिन्यांची मुदत असते. गॅलरीतल्या इंजिनाला मात्र मुदत उद्याची आहे. कुणा वाचकाला 1149 सीसीचं अस्सल फ्रेंच इंजिन, जाम झालेलं, हवं असेल तर जरूर न्यावं. किंमत काही नाही. टेम्पो ज्याचा त्याने आणायचा, आणि जिना अरुंद आहे.