मोहर्लीतील गाडीधुलाईचे दरशास्त्र

गाडीधुलाईचा दर म्हणजे धूळ काढण्याचा मोबदला, ही समजूत शहरी आहे. मोहर्लीत धूळ निघत नाही. ती काही तासांपुरती बाजूला सारता येते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या या गजबजलेल्या दारातून पहाटे आत गेलेली जिप्सी दहाच्या सुमारास लाल मुरमाचा थर अंगावर घेऊन बाहेर येते, धुतली जाते आणि दुपारी अडीच-तीनला तोच थर आणायला पुन्हा आत जाते. असल्या मालाला टिकाऊपणाची हमी देता येत नाही, म्हणून हमीचे पैसेही लावता येत नाहीत. इथे विकली जाते ती दोन फेऱ्यांच्या मधली स्वच्छता. प्रकल्पाच्या कोर म्हणजे गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास मनाई असल्याने पर्यटकाचा जिप्सीसोबतचा फोटो दारापाशीच निघतो. त्या फोटोपुरते बॉनेट चमकले की काम पूर्ण झाले असे समजावे.

मोहर्लीत बहुतेक गोष्टींचे भाव वरून ठरून येतात. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे, गाइडचे शुल्क, शनिवार-रविवारचा वाढीव दर हे सगळे प्रकल्पाचे प्रशासन ठरवते. धानाचा हमीभाव दिल्लीत ठरतो, तेंदूपानाचा लिलावात. धुलाईचा दर मात्र कोणीच ठरवून देत नाही, आणि म्हणून तो ग्राहक ठरवतो. आपल्या मालाचा भाव आपणच ठरवण्याची चाल या मुलखात नाही असे नव्हे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून आपला बांबू स्वतः विकायला घेतला. पण मेंढ्याच्या पाठीशी २००६ चा वनहक्क कायदा होता आणि एकमताशिवाय निर्णय न घेणारे गाव होते. धुलाईवाल्याच्या पाठीशी पाचशे लिटरची सिंटेक्सची टाकी असते.

धंद्याची सुरुवात सहसा जोडधंदा म्हणून होते. रिसॉर्टमध्ये किंवा कोळसा खाणीच्या ठेकेदाराकडे नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी शंभर रुपयांत गाडी. या शंभरात नफा दिसतो, कारण खर्च दुसऱ्यांच्या नावावर पडलेला असतो. पाणी घरच्या बोअरचे, वीज घरगुती मीटरवरची, फडकी आईच्या जुन्या लुगड्यांची, जागा काकांच्या अंगणातली, आणि मदतनीस म्हणजे दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला धाकटा भाऊ, ज्याला मोबदला म्हणून समोसा मिळतो. या मंडळींना अदृश्य भागधारक म्हणावे. नोकरीचा राजीनामा दिल्याच्या दिवशी ते सगळे एकदम दिसू लागतात. काकांना अंगणाचे भाडे आठवते, धंद्यासाठी वेगळे मीटर घ्यावे लागते आणि त्याचा दर घरगुती विजेहून चढा असतो, आणि भाऊ समोशावर राहत नाही. सर्वांत मोठा भागधारक खुद्द पगार असतो. घर तो चालवत होता, म्हणून धुलाई स्वस्त होती. थोडक्यात, जोडधंद्यात ज्याला दर म्हणतात ती ग्राहकाला पगारातून दिलेली सवलत असते.

पूर्णवेळ दराची सुरुवात म्हणूनच कॅलेंडरपासून करावी. कोर क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते आणि ३० जूनला बंद होते. हे २७३ दिवस. त्यांपैकी दर मंगळवारी सफारी बंद, म्हणजे ३९ दिवस आणखी गेले. उरले २३४. पावसाळ्यात कोरभोवतीच्या बफर क्षेत्रातील काही फेऱ्या रस्त्यांच्या अवस्थेप्रमाणे सुरू राहतात, पण त्या उत्पन्नाला बोनस मानावे. त्यावर घर उभे करू नये. आता समजा, घरखर्च महिना १८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. भाडे, वीज, शाम्पू, मायक्रोफायबरची फडकी, मदतनीसाची मजुरी आणि प्रेशर वॉशरची झीज मिळून समजा ८४,०००. बेरीज तीन लाख. नवखा या तीन लाखांना ३६५ ने भागतो, रोजचे ८२२ रुपये काढतो आणि पेढे वाटतो. योग्य भागाकार २३४ ने होतो आणि उत्तर १,२८२ येते. मधल्या ४६० रुपयांत सगळे मंगळवार आणि अख्खा पावसाळा बसलेला असतो. दिवसाला पाच गाड्या धरल्या तर एका गाडीमागे २५६ रुपये पडतात. आजारपण, लग्नकार्य आणि बिघडलेला पंप यात धरलेले नाहीत. शंभर रुपये घेणाऱ्याने हा आकडा बसून वाचावा.

पाच गाड्या कोणत्या, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर सफारीच्या वेळापत्रकातच आहे, पण ते फार थोड्यांच्या लक्षात येते. जिप्सी मोकळी असते ती दहा ते अडीच. पर्यटकांच्या स्वतःच्या गाड्या नेमक्या उलट वेळेला मोकळ्या असतात. नागपूर-पुण्याहून आलेले कुटुंब पहाटे जिप्सीत बसते आणि त्यांची क्रेटा किंवा इनोव्हा चार तास रिसॉर्टच्या आवारात उभी राहते. आतून व्हॅक्यूम, डॅशबोर्ड, सीटचे डाग, पायपोसांखालची चिप्सची पाकिटे, काचा आणि टायर एवढे काम करायला इतकी निवांत आणि मालक जवळ नसलेली गाडी दुसरीकडे मिळणे कठीण. डिटेलिंग म्हणून जे काही मोहर्लीत विकता येईल ते याच चार तासांत. म्हणून जिप्सीला महिनेवारी स्वस्त दर बांधावा, त्यातून वीजबिल निघावे, आणि कमाई पर्यटकांच्या गाड्यांवर करावी. दोन्ही कामे एकाच वेळी अंगावर घेतली तर दोन्ही मालक एकाच वेळी समोर उभे राहतात.

पर्यटकाशी दर ठरवण्याची वेळ हा या शास्त्रातला सर्वांत नाजूक भाग आहे. दर सफारीला निघण्यापूर्वी, शक्यतो आदल्या संध्याकाळीच ठरवावा. परतलेला पर्यटक दोन प्रकारचा असतो. वाघ दिसलेला पर्यटक बाराशे रुपये हसत देतो, वर चहाचे विचारतो आणि वाघाने रस्ता कसा ओलांडला ते हातवारे करून सांगतो. ते ऐकून घेणे दरातच धरलेले असावे. वाघ न दिसलेला पर्यटक मागच्या सीटखाली बोट फिरवतो, बोट उजेडात धरतो आणि सहाशेवर बोलणी सुरू करतो. वाघाच्या गैरहजेरीची भरपाई धुलाईवाल्याकडून वसूल करण्याची ही प्रथा जुनी आहे. आदल्या संध्याकाळी घेतलेला निम्मा आगाऊ हाच तिच्यावरचा ज्ञात उपाय.

नंबरप्लेट पाहून दर सांगण्याची एक पद्धत प्रचलित आहे. एमएच-१२ दिसली की आठशे, एमएच-३१ दिसली की पाचशे, एमएच-३४ दिसली की मामाचा मुलगा. ती त्याज्य आहे, आणि त्याचे कारण नैतिक नाही. रिसॉर्टच्या मागे सगळे ड्रायव्हर एकाच टपरीवर चहा पितात आणि अर्ध्या तासात तिन्ही दर एकमेकांना कळतात. दर गाडीच्या आकारावर आणि कामाच्या तासांवर लावावा. आकार कोणालाही दिसतो, त्यामुळे वाद होत नाही.

यानंतर येतो तो साहेबांच्या गाडीचा वर्ग. २०१७ मध्ये गाड्यांवरचे लाल दिवे गेले, साहेब गेले नाहीत. ही गाडी न सांगता येते, रांग मोडते आणि पैसे न विचारता जाते. तिला फुकट म्हणू नये. तो परवाना-शुल्काचा अनधिकृत भाग आहे. महिन्याला अशा किती गाड्या येतात ते वहीत लिहून ती संख्या खर्चात धरावी आणि बाकीच्यांवर वाटून टाकावी. पुण्याची क्रेटा धुताना साहेबांच्या बोलेरोचा थोडा हिस्सा तिच्या बिलात असतो, हे क्रेटावाल्याला सांगण्याची गरज नाही.

नातेवाइकांचा वर्ग याहून अवघड. त्याचे मूळ पोळ्यात आहे. खांदशेकणीच्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात, दुसऱ्या दिवशी त्यांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून सजवतात, आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही. बैल घरी आणणाऱ्याला खुशीने बोजारा मिळतो. गावाला धुलाईचा व्यवहार या नमुन्यावरच ठाऊक आहे, आणि ‘जे द्यायचं ते द्या’ असे म्हणणारा धुलाईवाला तो पक्का करत असतो. बोजारा सणाला शोभतो. त्यातून शाम्पूचा पाच लिटरचा कॅन येत नाही. नातेवाइकांना सवलत द्यायची असेल तर ती मंगळवारी द्यावी. त्या दिवशी हात रिकामे असतात, आणि मंगळवारी यायला लावल्यावर नातेवाईक किती उरतात तेही समजते.

मळाच्या प्रकाराप्रमाणे अधिभार लावण्यास हरकत नाही, फक्त कारण खरे असावे. चंद्रपूरहून दुर्गापूरकडून येणाऱ्या गाडीवर कोळशाची भुकटी आणि औष्णिक वीज केंद्राकडची राख बसलेली असते. तिच्यावर कोरडे फडके फिरवले की रंगावर बारीक चरे पडतात आणि उन्हात ते जाळ्यासारखे दिसतात. आधी जोरात पाणी, मग शाम्पू, मग दोन बादल्यांच्या पद्धतीने पुसणे, एक बादली साबणाची आणि एक फडके खंगाळण्याची. याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली उभ्या केलेल्या गाडीवर फुलांचा चिकटा वाळतो. तो खरवडायचा नसतो, कोमट पाण्याने भिजवायचा असतो. वानरांच्या पंजांचे ठसे मात्र मूळ दरातच काढावेत. ते काढण्याआधी मालकाने फोटो घेतलेला असतो, त्यामुळे तो खुश असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की उघड्यावर धुतलेल्या पत्र्यावर पाणी पुसण्याआधीच वाळते आणि क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. म्हणून शेड हवी. शेडचा खर्च दरात हवा. साबणाचे पाणी इरई जलाशयाकडे किंवा जंगलातल्या नाल्यात जाऊ नये म्हणून शोषखड्डाही हवा आणि त्याचाही खर्च दरातच हवा; वाघाच्या शेजारी राहून शाम्पूचा फेस सोडणाऱ्याचा दर कितीही स्वस्त असला तरी तो महाग आहे. रात्रीच्या कामाचा दर काढू नये. अंधार पडल्यावर इथे काम घ्यायचेच नाही, आणि त्यात विनोद नाही.

सिरॅमिक कोटिंगचा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. सिलिकायुक्त द्रवाचा हा थर रंगावर घट्ट बसतो आणि पाणी-घाण धरू देत नाही. त्याआधी रंग पूर्ण स्वच्छ करून पॉलिश करावा लागतो आणि थर धुळीपासून दूर, बंद जागेत सुकू द्यावा लागतो. मोहर्लीत धुळीपासून दूर अशी जागा अद्याप आढळलेली नाही. उघड्या शेडमध्ये केलेल्या कोटिंगमध्ये मुरूम कायमचा जपला जातो, आणि एवढ्यासाठी हजारो रुपये मागणे सभ्यपणाचे नव्हे. साधे मेण लावावे, त्याचे साधे पैसे घ्यावेत. जिप्सीवर कोटिंग करण्याचा आग्रह धरणारा मालक भेटलाच तर त्याला आठवण द्यावी की १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी अशा कोणत्याही थराशिवाय आपल्या कंपनीच्या कितीतरी नव्या मॉडेलांना पुरून उरली.

नवा दर कधी लावायचा, यावर मतभेद नसावेत. तो १ ऑक्टोबरला लावावा. तीन महिने कोर बंद राहिल्याने जुना दर लोकांच्या तोंडून उतरलेला असतो, आणि लगेच दसऱ्याला प्रत्येक गाडी धुवावीच लागते. हंगामाच्या मध्यात दर वाढवला तर टपरीवर ऐकू येते : ‘काहून गा, काल तं शंभरच घेत होतास!’ यावर खर्चाची वही उघडून दाखवू नये. ग्राहकाला भागाकारात रस नसतो, आणि २३४ हा आकडा ऐकून तो उरलेल्या १३१ दिवसांत तुम्ही काय करता असे विचारतो. दर फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि फलक उंच लावावा. हाताने लिहिलेला दर तोंडी मोडता येतो. रंगवलेल्या फलकापुढे माणूस जरा दबतो. ‘पासून पुढे’ हे शब्द फलकावर नकोत. ते वाचणारा प्रत्येक जण ‘पासून’वर थांबतो.

जोडधंद्यातले जुने ग्राहक नव्या दराला काही प्रमाणात सोडून जातात. शंभर रुपयांत गाडी धुऊन घेणारा ग्राहक धुलाईचा नव्हता, शंभराचा होता. तो दुसरा जोडधंदेवाला शोधतो, आणि गावात तो असतोच. बहुधा तो समोशावर काम केलेला धाकटा भाऊ असतो. अशा स्पर्धकाशी दरात झुंजू नये. एक दिवस तोही नोकरी सोडतो, आणि तेव्हा काका त्याच्याकडेही अंगणाचे भाडे मागायला जातात.

भांडवलासाठी मुद्रा योजनेतील शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळते. हप्ता पावसाळ्यातही येतो, म्हणून तोही २३४ दिवसांवरच वाटून घ्यावा. राहता राहिला जीएसटी. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. गाडीमागे २५० रुपये धरले तर ती मर्यादा गाठायला वर्षाला ८,००० गाड्या धुवाव्या लागतील, म्हणजे कामाच्या दर दिवशी ३४. कोरमध्ये दर फेरीला ठरावीकच जिप्सी सोडल्या जातात आणि धुलाईवाल्याला हात दोनच असतात. ३४ गाड्यांचा दिवस उजाडेपर्यंत या प्रकरणाचा अभ्यास पुढे ढकलण्यास हरकत नाही.