शेत गेलं, नाव राहिलं

वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ समृद्धी महामार्गावर चढता-उतरता येऊ लागलं आणि आसपासच्या कापसा-मक्याला प्लॉटचे डोळे फुटले. बांधावर चुन्याच्या रेघा, कमान, पताका, आणि फलकावर 'ग्रीन', 'निसर्ग' नाहीतर 'शेतकरी नगर'. जे उखडलं त्याचंच नाव द्यायचं, एवढी कृतज्ञता आपल्याकडे आहे.

कायदा झोपलेला नाही. तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान शेताचे तुकडे करायला बंदी, 1947 पासून आहे. 2023 मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे झालं. लोकांनी एक-दोन गुंठे नोटरीवर घेणं सोडलं नाही. मग 2025 मध्ये सरकारनंच जुने तुकडे नियमित करायचं ठरवलं. आधी मोडा, मग थांबा, सरकार येतंच.

मोठ्या मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा ठेवावी लागते. ती असतेही, नकाशावर हिरव्या रंगात. जमिनीवर तिथं आधी खडीचा ढीग, मग पत्र्याचं शेड, मग सभामंडप. मंडप पाडा म्हणणारा सरपंच अजून जन्मायचाय.

घरं हवीतच. घरकुल मंजूर होऊनही जागेअभावी अडलेली माणसं गावोगाव आहेत. पण त्या प्लॉटांवर घरं कुठायत? वर्षानुवर्षं नुसते खांब उभे. ना पेरणी, ना चूल. भाव मात्र दर हंगामात जोमानं येतो, तोही बिनपाण्याचा.