पीपी नंबर

“गेला का हो ताई?” वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. आदल्या रात्रीच गल्लीच्या टोकाच्या तातय्यांना दवाखान्यात नेलं होतं.

“कोण गेलं?”

“कोण काय, तुमचा फोन! सकाळपासून लावतेय. नुसतं टूं टूं टूं.”

“मध्ये हातभर भिंत आहे वहिनी. फोन कशाला लावायचा?”

“गुडघे,” म्हणाल्या. ते मात्र खरं. तीन पायऱ्या उतरून भिंतीशी यायचं म्हणजे त्यांना अर्धी काशीयात्रा. बरकतपुऱ्यात आमच्यासारखी बैठी घरं आता मोजकीच उरलीत. बाकी सगळी अपार्टमेंटं. तिथे गप्पा लिफ्टमध्ये होतात, त्याही चौथा मजला येईपर्यंतच. आमच्याकडे कढीपत्त्याचं झाड त्यांचं आणि फांद्या माझ्या, त्यामुळे दिवसातून एकदा तरी भेट होतेच.

तर फोन. गेल्या सोमवारी आमच्या बाजूचा रस्ता खणला. कुणी खणला म्हणून विचारायची सोय नाही, ज्याला विचारावं तो म्हणतो आम्ही नव्हे. खड्डा बुजला, पण आतली केबल तुटली ती तुटलीच. वहिनींची तार पलीकडच्या खांबावरून येते म्हणून त्यांचा फोन जिवंत. लाईनमन येऊन बघून गेला. “अम्मा, अंदर का तार पूरा कट गया. अब नया तांबा नक्को, फायबर लेलो.”

“मग घ्या ना फायबर,” वहिनी म्हणाल्या.

“घ्या काय घ्या! आमचे हे म्हणतात, लँडलाईन हवीच कशाला? घरात माणसं दोन आणि मोबाइल तीन.”

“आणि नांदेडच्या आत्या?”

वहिनींनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. यांच्या आत्याचं वय एक्याण्णव. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने आमचा नंबर लिहिलेला आहे. सहा आकड्यांचा होता तेव्हाचा. सातवा लागला, तो पुढे लिहिला. आठ झाले तेव्हा त्याच्याही पुढे २ लिहिला. भिंतीला तीनदा रंग दिला, पण तेवढी वीतभर जागा रंगाऱ्याला सोडायला लावली. तिला मोबाइलचे दहा आकडे सांगून पाहिले. म्हणते, “त्यात ती बाई बोलते, तुम्ही कुठे बोलता?”

अशांचा हिशेब कंपन्यांच्या पत्रकात नसतो बघा. तिथे सगळं ‘कितीही बोला, फुकट’. अहो, आम्ही लावतो कुणाला? आमचा फोन वाजण्यासाठी आहे. आत्या, यांच्या ऑफिसातले जुने दोघं, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि चुकून डायल करणारी एक बाई, ती ‘पार्लर का?’ विचारते. एवढ्यांसाठी नंबर जगायला हवा.

वहिनींना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. १९८६ साली, सात वर्षं रांगेत थांबून आमच्याकडे फोन आला तेव्हा गल्लीत मराठी घरं चार आणि फोन एक. आमचा नंबर चारही घरांच्या पत्रिकांवर, कार्डांवर छापलेला, पुढे कंसात ‘पीपी’. आजच्या पोरांना पीपी म्हणजे काय ते सांगावं लागतं. शेजारच्याचा नंबर, त्याने तुम्हाला हाक मारायची. फोन वाजला की मी ओल्या हाताने धावायची आणि या भिंतीवरून ओरडायची, “वहिनीऽऽ, तुमचा फोन!” रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाववर यायचा, त्यामुळे पुणे-सोलापूरकडचे सगळे नातेवाईक अकरा वाजून दोन मिनिटांनी उगवायचे. आमची झोप गेली, पण चार घरांच्या बातम्या आधी आमच्याकडे आल्या. वहिनींच्या धाकट्या दिरांना सोलापूरच्या मुलीचा होकार आला, तो पहिल्यांदा मी ऐकला. भिंतीशी येऊन फक्त “तुमचा फोन” एवढंच म्हणाले. तेवढा वेळ चेहरा सरळ कसा ठेवला ते माझं मला माहीत.

“तुमच्या न्यू जर्सीवाल्याला विचारा ना,” वहिनी म्हणाल्या. “त्याच्याकडे तो डबा होता.”

होता खरा. २००९ मध्ये व्हॉनेजने महिना २४.९९ डॉलरमध्ये भारतात हवं तेवढं बोला अशी योजना काढली, तेव्हा मुलाने घेतला होता तो डबा. इंटरनेटच्या तारेला डबा, डब्याला साधा फोन. त्याच्या पुष्कळ आधी आम्ही इथून मिनिटाला साठ रुपयांवर मोजत होतो. मुलगा “आई, बरी आहेस ना” म्हणेपर्यंत पंधरा रुपये गेलेले. नव्या डब्यावर सूनबाईने पुरणाचं कृतिवाचन तासभर ऐकलं, पुरण तरीही पातळच झालं.

“तसाच डबा इथे आणून लावायचा की!”

आमचे हे पेपरमागून बोलले. रिटायर झाले तरी विजेच्या कामातला माणूस, तारेचा विषय निघाला की कान टवकारतात. म्हणाले, “ते इथे चालत नव्हतं. कॉम्प्युटरवरून परदेशी फोन लावायला २००२ पासून परवानगी होती, पण इथल्या इथे, इंटरनेटवरून साध्या नंबरला लावायचा तर नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात स्काइपनेही भारतातल्या भारतात फोन आणि मोबाइलला लावायची सोय बंद केली.”

“आणि आता तर तो स्काइपच गेला,” वहिनी म्हणाल्या. यांना ती बातमी नव्हती. मे २०२५ मध्ये बंद झाला. यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग २०१८ साली सरकारने इथेही इंटरनेटवरून बोलायची वाट मोकळी केली. बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ काढलं, वर्षाला १,०९९ रुपये, वर कर. मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपवर ॲप घ्यायचं, त्याला वेगळा दहा आकडी नंबर. पण ॲपवरचा फोन आत्याच्या कामाचा नाही, आणि आमच्याही नाही. चष्मा शोधेपर्यंत कॉल संपतो. आपल्याला हवी ती तिसरीच गोष्ट, फायबर इंटरनेटच्या डब्याला पाठीमागे फोनची खाच असते ना, ती. २०१९ च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं ते घरच्या फोनवरून देशभर फुकट बोला म्हणतच आलं. एअरटेलच्या आणि बीएसएनएलच्या फायबरवरही फोन मिळतो. आपला जुना फोन त्या खाचेत खुपसायचा, झालं.

“चक्रीचा?”

“चक्रीचा वाजेल, उचलून बोलताही येईल. पण चक्र फिरवून लावलेला नंबर पुष्कळ डब्यांना कळत नाही. बटणांचा घ्या.”

“आणि महिन्याला किती?”

इथे वहिनींनी पदराला हात पुसून भिंतीवर कोपर टेकलं, म्हणजे मुद्दा आला. काल एक विकणारा पोट्टा आला होता आमच्याकडे. गळ्यात ओळखपत्र, हातात चकचकीत कागद. म्हणाला, “अम्मा, हंड्रेड एमबी घ्या.” मी म्हटलं, आम्हाला फक्त बोलायचं आहे. “तरी पण अम्मा, आवाज क्लिअर यायला.” यांनी पेपर खाली ठेवला. एका बोलण्याला जेमतेम नव्वद किलोबिट लागतात हो. ३० एमबीपीएसच्या लहानातल्या लहान योजनेत शेकडो माणसं एकदम बोलतील. चारशेच्या आसपासची योजना आम्हाला पुरून उरते. फक्त कागदावरचा ३९९ खरा समजू नका, १८ टक्के जीएसटी लागला की ४७१ होतात. महिन्याला एवढे, आणि सहा महिन्यांचे आगाऊ मागतात का, डब्याचं डिपॉझिट परत मिळतं का, हे कागदाच्या मागच्या बारीक अक्षरात. मी भिंग आणलं तेव्हा तो पोट्टा पाणी मागायला लागला.

मग मी त्याला एकच विचारलं, करेंट गेला तर?

त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “करेंट पोते फोन पनिचेय्यदु अम्मा.” तेवढं मात्र प्रामाणिकपणे बोलला.

“म्हणजे करेंट गेला की फोनही गेला?” वहिनी सावरून उभ्या राहिल्या. “आमच्या निजामपेठच्या मुलीकडे असंच झालं! परवाच्या वादळात. मी लावतेय, लावतेय, जिवाला घोर. आणि ती मेणबत्तीत बसून मला शिव्या घालत होती, आईने फोन केला नाही म्हणून.”

यांना बोलायचं निमित्तच हवं होतं. म्हणाले, तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट घरात येतात. तुमच्या घरात अंधार असो, फोन वाजणार, कारण त्याचं जेवण बाहेरून येतं. फायबरच्या काचेतून नुसता उजेड येतो, करेंट येत नाही. डब्याला जेवण आपण घालायचं.

आता आमच्या गल्लीत एप्रिल-मेमध्ये करेंट जाणं म्हणजे पाहुणा येण्यासारखंच, वेळ सांगून येत नाही. आणि रात्री तातय्यांसारखं कुणाचं झालं तर १०८ लावायला फोन हवा. ती १०८ ची सुरुवातच आपल्या हैदराबादेतून झाली, १५ ऑगस्ट २००५ ला. तेव्हा मोबाइल असेलच उशाशी म्हणा, पण वहिनींचा मोबाइल नेहमी फ्रिजवर असतो आणि त्याची बॅटरी नेहमी चार टक्के.

“मग यावर औषध?”

औषध सोपं आहे. छोटा यूपीएस मिळतो, साबणाच्या दोन वड्या ठेवाव्यात एवढा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात, पण डब्याखालची चिठ्ठी वाचून मगच घ्यायचा, शिवाय पिन बसते का तेही बघायचं. हजार-दीड हजारात दोन-चार तासांची बेगमी. पण तेवढ्यानेही काम भागेलच असं नाही. विकणाऱ्याला विचारायचं, काच थेट घरात येते का, की कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत काच आणि पुढे साधी लॅनची वायर? तशी असेल तर कोपऱ्यावरची पेटीसुद्धा कुणाच्या तरी करेंटवर चालते. तुमचा यूपीएस शंभर तास चालला तरी त्या पेटीचं काय? हा प्रश्न आमच्या ह्यांचा. मी विचारला असता तर पोट्ट्याने तेलुगूत टाळला असता. यांनीही तेलुगूत विचारला म्हणून त्याला सुपरवायझरला फोन लावावा लागला. काच घरापर्यंत येते म्हणाले.

नंबराचं काय, तर तिथे आमचं ठरलं. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलून नेता येतो, घरच्या फोनचं तसं नाही. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं की नवा नंबर. बीएसएनएलची तांब्याची लाईन त्यांच्याच फायबरवर नेताना मात्र जुना नंबर तसाच ठेवता येतो. म्हणून महिन्याला पन्नास इकडे-तिकडे झाले तरी मी तिकडेच. आत्याच्या भिंतीला चौथ्यांदा कोण हात लावणार?

“मी पण तेच करते,” वहिनी म्हणाल्या. “माझी तार अजून आहे, पण खणायला येतीलच की.”

“आणि लावताना मोबाइलच्या आधी शून्य लावायचं विसरू नका.”

“ते जानेवारी २०२१ पासूनच लावतेय हो. तुम्हीच विसरता.”

खरं आहे, मीच विसरते.

यूपीएस आणायला हे उद्या कोठीच्या गुजराती गल्लीत जाणार आहेत. दोन आणा म्हणून सांगितलंय, पैसे वहिनी भिंतीवर ठेवतील, कढीपत्त्याच्या फांदीखाली. फायबरवाले गुरुवारी येतो म्हणालेत, म्हणजे शनिवार धरायचा.

तोवर आत्याचं काय केलं सांगू? १९९८ मध्ये पावसात आमचा फोन पंधरा दिवस बंद होता, तेव्हा तिने भिंतीवर आमच्या नंबराखाली वहिनींचाही लिहून घेतला होता. तोच आता कामाला आला. चाळीस वर्षांनी आम्ही पीपी झालो. काल संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावतेय आणि पलीकडून हाक, “ताईऽऽ, तुमचा फोन!” गेले, बोलले. बोलून बाहेर आले तर वहिनी दारातच, हसू दाबत.

“मी उचलला तेव्हा आत्या दहा मिनिटं माझ्याशीच बोलल्या,” म्हणाल्या. “ताई, लग्नाआधी तुम्ही नांदेडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत सायकलवर जात होता म्हणे? आणि एकट्या नव्हे म्हणे?”