पाली नाक्यावरचा धैर्यधर

वांद्र्यात आढळणारा तरुण अभिजात नट ही मराठी रंगभूमीवरची अगदी अलीकडची जात. वय बावीस ते एकोणतीस, पदवी वाणिज्य शाखेची, अंगात एकांकिका स्पर्धांचे वारे. राहायला बहुधा पूर्वेला, शासकीय वसाहतीत किंवा खेरवाडीच्या बाजूला; पण पत्ता विचारला तर नुसते ‘बँड्रा’. पूर्व की पश्चिम, हे समोरच्याने विचारायचे नसते. आजीचा फोन आला की त्याच ठिकाणाचे पुन्हा ‘वांद्रे’ होते. स्टेशनचा पूल उतरून पश्चिमेला पाय टेकला की त्याची चाल बदलते आणि पाली नाका येईपर्यंत वाक्यात मराठी फक्त क्रियापदांपुरती उरते.

‘अभिजात’ हे विशेषण त्याने स्वतःच लावून घेतलेले आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तो ‘जुनी नाटकं’ म्हणत असे. नाटक अभिजात ठरायला त्याच्या तीन अटी असतात. ते आजीने पाहिलेले असावे, त्याच्या हक्कांचे पैसे कुणाला द्यावे लागू नयेत आणि ते फोटोत चांगले दिसावे. तिसरी अट सर्वांत कडक. देवलांची ‘शारदा’ (१८९९) तिथेच गळते, कारण त्यात भाव खायचा तो म्हाताऱ्या भुजंगनाथाने. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची (१९१९) बोलणी तळीराम कोणी करायचा यावर फिसकटतात, सुधाकर करायला कोणी पुढे येत नाही. मग गाडी ‘मानापमान’वर येऊन थांबते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ सालचे, पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. जानेवारी २०२५मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट आणला, तेव्हापासून नाटकाचे नाव घेतल्यावर कॉफीच्या टेबलावर ‘म्हणजे काय?’ असे विचारणारे थोडे कमी झाले आहेत. गोष्ट मुळात कपड्यालत्त्यांचीच. धैर्यधर शूर सेनापती, पण अंगावर दागिना नाही. लक्ष्मीधर दागिन्यांनी मढलेला आणि सशाच्या काळजाचा. श्रीमंत भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून झिडकारते, मग वनमाला नावाची साधीसुधी मुलगी बनून त्याच्यासमोर जाते आणि स्वतःच अडकते.

वांद्र्याच्या नटाला अर्थातच धैर्यधर करायचा असतो. पंचाईत एवढीच, की तो रंगमंचावर धैर्यधर आणि रस्त्यावर लक्ष्मीधर असतो; खिशाने मात्र दोन्हीकडे धैर्यधरच. तीन अंगठ्या, एका कानात डूल, पुढच्या दोन बटणांशी कायमचे वैर, आणि अंगात आणखी एक माणूस मावेल असा ढगळ शर्ट. हा शर्ट लिंकिंग रोडवर साडेसहाशेवरून अडीचशेला उतरवलेला असतो. ‘कुठून घेतलास?’ असे विचारले तर ‘अरे, असाच, पडून होता’ एवढेच उत्तर मिळते. फेरीवाल्यासमोर दोनदा पाठ फिरवून, तिसऱ्यांदा परत येऊन त्याने जो अभिनय केलेला असतो, त्यातला चार आणेसुद्धा भामिनीसमोर दिसत नाही, ही दिग्दर्शकाची कायमची तक्रार.

याच जातीतली भामिनी वेगळ्या वाटेने जाते. रंगमंचावर ती भाड्याचा शालू आणि खोटे मोती घालून श्रीमंत होते. बाहेर येताना अंगात चुरगळलेला, मातकट रंगाचा, बाह्या उसवल्यासारखा कुर्ता. अनोळखी माणूस हळहळून तिला रिक्षाचे पैसे देऊ करील. तो कुर्ता मात्र पाली हिलच्या उतारावरच्या काचेच्या दुकानातला असतो आणि तेवढ्या पैशांत कपडेपटातले शालू महिनाभर फिरवता येतात. खाडिलकरांच्या भामिनीला वनमाला व्हायला फुकट जमले होते.

तालीम पूर्वेच्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सातला, म्हणजे साडेआठला. मधला दीड तास चर्चेचा. कोणत्या मालिकेतल्या सुनेने पैठणीवर जॅकेट चढवले, कोरियन नटाचा भांग मराठी कपाळाला शोभतो का, कोणत्या रॅपरच्या गळ्यातली साखळी खरी, हे सारे तिथे मुळापासून तपासले जाते. या गप्पांना ‘भूमिकेचा अभ्यास’ असे नाव आहे. धैर्यधर आज असता तर कुठले बूट घातले असते, या एका प्रश्नावर अख्खी तालीम खर्ची पडते आणि शेवटी उत्तर येते की त्याने सध्या याच्या पायात आहेत तेच घातले असते.

कोपऱ्यात ऑर्गनवाले काका बसलेले असतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि बुटांच्या चर्चाही. गप्पा लांबल्या की ते पट्टीवर हात न ठेवता नुसता पायाने भाता मारतात. सूर येत नाही, जुन्या लाकडाची कुरकुर तेवढी येते. पण तिचा अर्थ सगळ्यांना कळतो. मुलगा उठतो, डोळे मिटतो आणि तान घेतो. डोळे निम्मे भावाने मिटलेले असतात, निम्मे पुढची ओळ आठवत नाही म्हणून. काका मान डोलावतात. ‘तान झकास, बाळा. आता मधेमधे शब्दही येऊ देत.’

‘नाटक करायला आलेत की कपडे मिरवायला?’ हा ज्येष्ठ रसिकांचा ठरलेला प्रश्न. इतिहास मात्र रसिकांच्या बाजूने साक्ष देत नाही. पहिली भामिनी होती बालगंधर्वांची, आणि त्यांनी लुगडे कसे नेसले, अंबाडा कुठे बांधला, गजरा कसा माळला, याची नक्कल त्या काळच्या घरंदाज बायका घरी आरशासमोर करत. अस्सल शालू, गालिचे, अत्तरे यांवर गंधर्व नाटक मंडळीने एवढा पैसा ओतला की कंपनी कर्जात बुडाली. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले; बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, आणि वरच्या वर्गाचे तिकीट शंभर रुपये. वांद्र्याच्या नटाला हा सारा इतिहास दीड मिनिटाच्या एका रीलमधून ठाऊक असतो. बालगंधर्वांना तो ‘पहिले इन्फ्लुएन्सर’ म्हणतो. यावर रसिक संतापतात, पण नेमके कुठे चुकले ते सांगता येत नाही, म्हणून आणखी संतापतात.

संगीत नाटकांसाठी जन्म वेचलेल्या विद्याधर गोखल्यांची आठवण जागी ठेवणारे ‘रंगशारदा’ वांद्र्यातच, रेक्लमेशनला उभे आहे. अभिजात नट त्याच्यासमोरून रोज जातो आणि प्रयोग मात्र पार्ल्याच्या दीनानाथला किंवा बोरिवलीच्या ठाकरे नाट्यमंदिरात करतो, कारण तिकीटबारीवर येणारे काका-काकू तिकडे राहतात. पूर्वी ही नाटके रात्र संपवून उठत. आता शेवटची लोकल गाठायची असल्याने पदांना कात्री लागते आणि ती नेमकी लागते अवघड पदांना. वन्समोअर अजून मिळतो. तो सहसा तिसऱ्या रांगेतल्या मित्राकडून येतो, कारण पहिल्या वेळी फोनचे रेकॉर्डिंग चालूच झालेले नसते.

प्रयोगानंतर विंगेत भेटायला येणाऱ्यांत कलानगरच्या एक आजी हमखास असतात. त्या गाण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. उपरण्याचे टोक चिमटीत धरून ‘कापड सुती नाही हो हे’ म्हणतात आणि उजव्या खांद्यावरची चुणी स्वतःच्या हाताने नीट बसवून देतात. नट खाली वाकून नमस्कार करतो. हा एकच क्षण कोणी चित्रित केलेला नसतो.

या जातीचे आयुर्मान दोन ते तीन नाटके. मग घोडबंदरच्या स्टुडिओत मालिका मिळते, नायिकेच्या धाकट्या दिराची भूमिका, रोज बारा-चौदा तास शेरवानीत. प्रयोगाच्या नाइटच्या पाकिटापेक्षा तिथला चेक बराच जाड असल्याने कुणी त्याला बोल लावत नाही. धैर्यधराचे बांधीव पागोटे कपडेपटाच्या पेटीत परत जाते आणि सहा महिन्यांनी चेतना कॉलेजातून आलेल्या नव्या मुलासाठी निघते. त्याच्या डोक्याला ते बोटभर सैल होते. कपडेपटवाले दादा आतून वर्तमानपत्राची एक घडी सारतात. आधीच्या दोन घड्या ते काढत नाहीत.