आपण फक्त स्नायपर

महाडच्या एसटी स्टँडपासून पोलादपूरच्या नाक्यापर्यंत कुठेही चार पोरं मोबाइल आडवे धरून बसलेली दिसली, की त्यातला एक स्नायपरशेठ असतोच. बाकीचे तिघे घराघरांत घुसून गोळ्या, बँडेज, स्मोक गोळा करत असतात, शेठ फक्त विचारतो, "आठचा स्कोप कोणाला भेटला?" ज्याला भेटला त्याने तो मुकाट्याने द्यायचा असतो. एडब्ल्यूएम ही स्नायपरची बंदूक बीजीएमआय या गेममध्ये सहसा विमानातून पडणाऱ्या ड्रॉपमधूनच मिळते. ड्रॉपपर्यंत गोळ्या खात धावायचं इतरांनी, बंदूक मात्र शेठची. मग शेठ टेकडीवर आडवा पडतो. खाली रश आला, दोघं नॉक झाले, "भावा, रिव्हाइव्ह दे" असा टाहो फुटला तरी जागचा हलत नाही. "माझा रोल नाय तो." मॅच हरल्यावर त्याच्या नावावर दोन किल असतात आणि तोंडात निदान: "आपल्या टीमला सपोर्टच नाय." सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, तेव्हा हा फ्री फायरवर गेला आणि तिथेही स्नायपरच झाला. जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार म्हणून बीजीएमआय आला, वर्षभराने स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत शेठचा गेम बदलला, रोल बदलणं सरकारलाही जमलं नाही.

शेठची बाजू अगदीच टाकाऊ नाही. एकाच कामावर हात बसला की ते सफाईने होतं, हे कोण नाकारेल? पण हौशी खेळात ज्याला स्पेशलायझेशन म्हणतात ते बहुतेक वेळा कौशल्य नसतं, नुसती आवड असते. आणि आवड सगळ्यांची एकाच कामावर जाते. ओव्हरवॉच या गेममध्ये हे उघडं पडलं. २०१९ मध्ये तिथे सहाजणांच्या टीममध्ये दोन टँक (पुढे ढाल धरणारे), दोन सपोर्ट, दोन मारेकरी अशी वाटणी सक्तीची झाली आणि प्रत्येकाने आपला रोल आधीच निवडायचा असं ठरलं. झालं काय, तर मारेकऱ्यांची रांग सर्वांत लांब, आणि ज्या रोलला माणूस मिळेना तो घेणाऱ्याला कंपनी बक्षीस देऊ लागली. ढाल धरायची तर लाच द्यावी लागते. चारजणांच्या आपल्या स्क्वाडमध्ये कंपनी लाच देत नाही. ती जागा कोणीतरी गुपचूप भरतो, म्हणून शेठला टेकडी परवडते.

शेठने पडेल तो रोल घ्यावा म्हटलं, की "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे ठरलेलं उत्तर येतं, आणि पाठोपाठ मोठ्या स्पर्धांतल्या टीमचा दाखला. तिथे रोल ठरलेले असतात हे खरं. पण रायगडात वाढलेल्या माणसाला हे कबड्डीवरून समजायला हवं. कोपरारक्षक कितीही नावाजलेला असो, चढाईपटू बाद होऊन बाहेर बसले आणि दोन चढाया कोरड्या गेल्या, की तिसरी चढाई त्यालाच करावी लागते. तिथे "आपण फक्त कोपरा" म्हणणाऱ्याला मैदानातच शिव्या बसतील. शिवाय मोठ्या टीमचे चारही खेळाडू एका खोलीत, पक्क्या नेटवर, रोज ठरल्या वेळी बसतात. आपल्या स्क्वाडमधला एक एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, दुसरा बिरवाडीत, तिसरा पोलादपूरच्या वरच्या अंगाला जिथे पाऊस धरला की आधी लाईट आणि मग रेंज जाते, चौथा मुंबईला. मॅच चौघांनी सुरू होते, संपताना दोघं उरतात. गेलेला सपोर्ट असेल तर स्नायपरने स्मोक टाकायचा की त्याची लाईट येण्याची वाट पाहायची? स्पेशलायझेशन हजेरीवर उभं असतं आणि हजेरी इथे महावितरणच्या हातात आहे.

जो काहीही खेळतो त्याला मात्र कोणी शेठ म्हणत नाही. रिव्हाइव्ह दिल्याची क्लिप कोणी स्टेटसला ठेवत नाही. त्याची किंमत कळते ती रात्री दहाला, चौथा गडी कमी पडल्यावर. पहिला फोन त्यालाच जातो आणि तो "काय कमी आहे?" एवढंच विचारतो. शेठला फोन जातो तो इतर सगळ्यांनी नाही म्हटल्यावर. शेठ यायला तयारही असतो, फक्त आधी विचारतो, "स्नायपर कोण आहे, ते सांग."