आडव्या गुलाबाची बाजू

पुण्यात गुलाबाची प्रतिष्ठा फुलावर नसते, दांड्यावर असते. प्रदर्शनात खरा जाणकार फुलाकडे बघतच नाही. तो आधी वाकून दांडा बघतो. सरळ आहे का, फुलाला शोभेल इतका लांब आहे का, मान लवलेली नाही ना. मग पानं बघतो, कारण ती रात्री कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेली असतात आणि त्या कष्टांची दखल घ्यावी लागते. एवढं झाल्यावर चहाची हाक आली नाही तर फूल.

आमचे भाऊजी अशा जाणकारांपैकी आहेत. सासऱ्यांनी उतारावरचा प्लॉट स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि त्यावर बंगला बांधला. वरची सपाट जागा धाकट्या मुलाकडे गेली, उतार थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे. ही वाटणी कुठल्याही कागदावर नाही. ती भाऊजींच्या कुंड्यांनी केली. आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा.

सपाटीवर भाऊजींचे हायब्रिड टी उभे आहेत. १८६७ सालच्या ‘ला फ्रान्स’पासून या घराण्याची गणना करतात, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. एका दांड्यावर एकच फूल ठेवायचं आणि बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खुडून टाकायच्या. छाटणीपासून फुलापर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात आणि एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन जानेवारीत असतं. त्यामुळे भाऊजी दिवाळीच्या सुमारास दिनदर्शिका घेऊन उलटे दिवस मोजत बसतात. कुठली जात किती दिवस घेते, यंदा थंडी लवकर पडेल की उशिरा, ढग आले तर काय. आमच्या लग्नाच्या मुहूर्ताला यातली निम्मीसुद्धा आकडेमोड झाली नव्हती, असं माझी जाऊ म्हणते. जानेवारीत पावसाचा थेंब नसताना आमच्या अंगणात काठीला बांधलेली छत्री दिसते. तिच्याखाली ‘ख्रिश्चन डिऑर’ उभा असतो. जाऊ उन्हात कपडे वाळत घालत असते.

माझ्या उतारावर पसरणारे गुलाब आहेत. म्हणजे रविवारी जेवून सतरंजीवर आडवा झालेला माणूस जितका उंच आणि जितका ऐसपैस असतो, तितके. उंचीला फूट-दीड फूट आणि पसरायला तीन-चार फूट. वर जायची कुठलीही महत्त्वाकांक्षा नाही. काठी नको, सुतळी नको. दिवसाचं सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा एवढं मिळालं की ते पडल्या जागी फुलतात. एकेका घोसात इतकी फुलं येतात की मोजायचं मनातही येत नाही.

भाऊजींनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ दांडा शोधला. मग म्हणाले, “वहिनी, याला आधार द्यायला हवा होता. पडलंय ते.”

“पडलेलं नाही, तसंच असतं.”

“तसंच असतं म्हणजे?”

कुळ कळल्याशिवाय भाऊजींना कुठलाच गुलाब पटत नाही, म्हणून मी कुळ काढलं. जपान आणि चीनच्या बाजूला रोझा विचुरायना नावाचा रानगुलाब आहे. चकचकीत पानं, पांढरी फुलं, आणि फांद्या जमिनीवर सरपटत जाणार, टेकतील तिथे मूळ धरणार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो युरोप-अमेरिकेतल्या गुलाबवाल्यांच्या हाती लागला. त्यांनी काय करावं? त्याच्या वंशातून बहुतेक वेल काढले. १९०१ सालचा ‘डोरोथी पर्किन्स’ घ्या. अख्ख्या कमानी झाकणारा, पण मूळ पुरुष जमिनीवर लोळणारा. दुसऱ्याचं सुखानं आडवं पडणं माणसाला बघवत नाही, त्याला लगेच कुठेतरी चढवायचं असतं. आडव्याला आडवं राहू देऊन त्याची मुद्दाम निपज करायची, ही बुद्धी सुचायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

माझा जीव मात्र ‘द फेअरी’वर आहे, तो तिच्या माहेरामुळे. इंग्लंडात पेम्बर्टन नावाचे एक पाद्री होते. प्रवचनाइतकाच गुलाबांचा नाद, नव्या जाती काढून नावाजलेले. ते १९२६ साली गेले. मागे राहिले त्यांचे माळी बेंटॉल आणि माळ्याची बायको ॲन. १९३२ साली ‘द फेअरी’ बाहेर आला तो या ॲनबाईंचा. फिकट गुलाबी, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं फूल आणि त्याचे घोसच्या घोस. वास जवळजवळ नाही, हे कबूल. पण नव्वद वर्षं उलटून गेली तरी जगभर लागतोय. मी हे जेवताना सांगितलं. पाद्रीबुवांच्या गुलाबांवर भाऊजी बोलले, इंग्लंडच्या हवेवर बोलले, माळ्याचं नावही त्यांनी नीट विचारून घेतलं. माळ्याच्या बायकोपाशी आल्यावर त्यांनी कोशिंबीर मागितली.

पुढे जर्मनीतल्या कॉर्डेस घराण्यानं असे गुलाब काढले. इंग्लंडात ते विकताना त्यांना ग्राउज, पार्ट्रिज, फेझंट अशी नावं मिळाली, म्हणजे तितराच्या भाऊबंदांची. झुडपाखाली दबून बसणारे आणि साहेबानं बंदूक घेऊन शोधायचे पक्षी. आणखी एका मालिकेला परगण्यांची नावं पडली. केंट, सरे, सफोक. आपल्याकडे कुणी असं करायला घेतलं तर मावळ, मुळशी, भोर ही नावं चालतील. पुरंदर देऊ नये, तो वर चढेल.

१९८९च्या सुमारास जर्मनीतल्याच नोआक यांचा गुलाब आला. तो जगभर ‘फ्लॉवर कार्पेट’ म्हणून गुलाबी कुंडीतून विकला गेला. निगा नको, फवारणी नको, जमीन झाकून टाकतो, तण उगवू देत नाही, अशी त्याची ख्याती. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “गालिचा म्हणतेस, मग काटे कशाला?”

तणाविषयी मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण या विषयावर जे छापून येतं ते लिहिणाऱ्यांकडे लव्हाळा नसावा. गुलाब दाट झाला की खाली ऊन पोचत नाही आणि बी रुजत नाही, हे खरं. पण दाट व्हायला एक-दोन वर्षं लागतात, आणि लव्हाळ्याला बी रुजायची गरजच नसते. त्याच्या जमिनीखाली गाठी असतात. एक उपटली की तिच्या ओळखीच्या चार उगवतात. हराळीचंही तेच. म्हणून लावण्याआधी जमीन हातभर खणून, गाठी वेचून, पाणी देऊन, पुन्हा उगवलेलं पुन्हा वेचून, मगच गुलाब लावायचा. हे आम्ही केलं होतं. तरीही पहिल्या पावसात पानांच्या दाटीतून लव्हाळ्याचे तुरे वर आले. आता त्यांना काट्यांचं संरक्षण होतं. उंच गुलाबाखाली बसून खुरपता येतं. आडव्या गुलाबाखाली जागाच नसते, हात आत गेला तर जातो, बाहेर येताना त्याची झडती होते. काटे मागे वळलेले असतात, आत जाणाऱ्याला अडवत नाहीत. माळीबुवांनी एकदा खुरपं आत घातलं, ते फेब्रुवारीत छाटणी झाल्यावर सापडलं. शेवटी मी पापड भाजायचा लांब चिमटा वापरायला घेतला आणि त्यानं एकेक लव्हाळा बुडाशी धरून ओढायला लागले. उत्तम जमतं. घरात मात्र पापड आता तळतात.

या गुलाबांची दुसरी मागणी म्हणजे त्यांची भेट त्यांच्याच पातळीवर जाऊन घ्यावी लागते. एप्रिलमध्ये ऊन तापलं की लाल कोळी पडतो. तो पानाच्या खालच्या बाजूला असतो, टिंबाएवढा. आधी पान निस्तेज दिसतं, मग बारीक जाळी धरते. वेळेवर लक्षात आलं तर औषधसुद्धा लागत नाही, पानांना खालून पाण्याचा जोराचा फवारा दिला की पुरतं. पण खालून बघायचं तर आपण खाली हवं. भाऊजींचा गुलाब उभ्यानं तपासता येतो, चष्मा कपाळावर सारून. मी सकाळी सातला गोणपाट अंथरून, भिंग घेऊन उतारावर आडवी झाले.

समोरच्या बंगल्यातले काका गॅलरीत दात घासत होते. त्यांना एक बाई डोकं उताराकडे करून, हात पसरून निपचित पडलेली दिसली.

“अहो, वहिनी पडल्या!”

पुढचं फार वेगानं झालं. काकू ग्लुकोजचं पाणी घेऊन आल्या. दूधवाल्यानं सायकल टाकली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे कोण जातंय यावर फाटकात चर्चा सुरू झाली. मी आतून सांगत होते की मी कोळी बघतेय, त्यामुळे डोक्याला मार लागल्याची सगळ्यांची खात्री पटली. आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “उठेल. झालं की उठते ती.” दुसऱ्या दिवशी मंडईत एका अनोळखी बाईंनी मला कंबरेसाठी तेल सुचवलं.

पावसाळा मला नडतो, हे मी भाऊजींसमोर बोलत नाही, इथे बोलते. पानांवर सात-आठ तास सलग ओल राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते, आणि पुण्यातला जुलै सात-आठ तासांवर थांबत नाही. त्यात आडवा गुलाब जमिनीलगत, म्हणजे चिखल उडून थेट पानांवर. उपाय साधा आहे. खाली पाचटाचा नाही तर वाळल्या पानांचा जाड थर द्यायचा, गळलेली पानं उचलायची, पाणी मुळाशी द्यायचं आणि तेही सकाळी. माळीबुवांनी रसवंतीवरून फुकट मिळाली म्हणून उसाची चिपाडं आणून पसरली होती. मुंग्यांनी त्यांचे जाहीर आभार मानले.

पण छाटणीत मात्र आम्ही जिंकतो. भाऊजींची छाटणी म्हणजे शस्त्रक्रिया. बाहेर तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप, कापावर बोर्डोची पेस्ट. चार दिवस घरात मोठ्यानं बोलायचं नाही. माझ्या झाडांपाशी माळीबुवा कात्री घेऊन उभे राहिले आणि विचारू लागले, “वहिनीबाई, ह्याचा डोळा कुठला धरायचा?” म्हटलं, कुठलाच नाही. कुंपणाची मेंदी कापतात ती मोठी कात्री घ्या आणि वरून एक तृतीयांश उडवा, मेलेल्या फांद्या तेवढ्या बुडातून काढा. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग डोळे मिटून कापलं. दीड महिन्यात उतार गुलाबी झाला. माळीबुवा तेव्हापासून भाऊजींच्या छाटणीला येताना जरा उशीर करतात.

घरातला लोकमताचा निर्णय मात्र सासूबाईंनी दिला. त्यांना रोज देवाला फुलं लागतात. सपाटीवरचं फूल तोडायला गेल्या की खिडकीतून आवाज येतो, “आई, तो नको! सव्वीस जानेवारी होऊ दे.” सव्वीस जानेवारी झाली की दुसरा बहर धरायचा असतो. भाऊजींच्या बागेतलं फूल देवाला मिळतं ते पाकळ्या ढिल्या झाल्यावर, निवृत्तीनंतर. माझ्याकडे कोण मोजतंय? अडचण फक्त त्यांच्या गुडघ्यांची होती, वाकता येत नाही. त्यावर मी उतार तोलायला जी दगडी भिंत आहे तिच्या माथ्यावर एक रांग लावली. कंबरेएवढ्या उंचीची भिंत. फांद्या वर्षभरात तिच्यावरून खाली लोंबू लागल्या. आता सासूबाई ताठ उभ्या राहून परडी भरतात आणि सपाटीकडे बघतसुद्धा नाहीत. ज्यांच्या अंगणात अशी भिंत किंवा पायऱ्यांची कड आहे, त्यांनी पसरणारा गुलाब तिथेच लावावा, चिखलही उडत नाही आणि कोळीसुद्धा बसून दिसतो.

शिवाय रोपं फुकट. जमिनीला टेकलेली फांदी निवडायची, पेराखाली साल जरा खरवडायची, मातीत दाबून वर दगड ठेवायचा. पावसाळ्यात दोनेक महिन्यांत मुळं धरतात, मग आईपासून तोडायची. हे रोप स्वतःच्याच मुळावर उभं असतं, त्यामुळे खुंटाकडून दगा होत नाही. भाऊजींचे गुलाब डोळा भरलेले, खाली खुंट रानगुलाबाचा. गेल्या वर्षी त्यांच्या लाडक्या ‘पीस’च्या बुडातून जोमदार फुटवे आले. भाऊजी खूष, सगळ्यांना दाखवत सुटले. मी म्हटलं, पानाच्या देठाच्या बुडाशी झालर आहे बघा, हा मल्टिफ्लोरा दिसतोय, खालून आलाय. ते काही बोलले नाहीत. पावसाळा संपेपर्यंत ‘पीस’ शांत झाला आणि खुंट कारभारी झाला.

कॉलनीत माझी रोपं बरीच गेली. दाबाच्या फांद्यांवरचे दगड मी खडूनं नंबर घालून ठेवते. परवा एक दगड जागेवर होता, खालचं रोप नव्हतं. जाऊ म्हणाली, सपाटीवर बघा.

हायब्रिड टी वयात आले की बुडाला उघडे पडतात. वर फूल, मध्ये पानं आणि खाली काटक्यांचे पाय. भाऊजींच्या पहिल्या रांगेच्या पायाशी माझा ‘फेअरी’ नीट आळं करून लावलेला होता. शेजारी आणखी तीन जागा खणून ठेवल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी भाऊजींनी खुलासा केला. “वहिनी, हा गुलाब म्हणून लावलेला नाही. आच्छादन म्हणून लावलाय. माती तापत नाही, ओल टिकते. शास्त्रीय आहे.” प्रत्येक गुलाबाला त्यांची पत्र्याची पाटी असते, जात, जनक, साल. इथेही पाटी होती. तिच्यावर ‘आच्छादन’ एवढंच लिहिलेलं होतं.

सासूबाई परडी घेऊन मागून आल्या. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली.

“अरे,” त्या म्हणाल्या, “आच्छादनाची फुलं तोडायला सव्वीस जानेवारीची वाट बघायची नसते ना?”