जर्मनची बंदूक

सेलूहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर वानरांशी वाटाघाटी करत होतो. त्यांच्याकडं माझ्या बायकोचे पापड होते आणि माझ्याकडं छऱ्याची बंदूक. दोन्ही पक्षांना ठाऊक होतं की ती उडणार नाही.

"सर, तुमाला पाहिजे तशी सापडली," पलीकडून माझा जुना विद्यार्थी बोलत होता. "आमच्या आज्याची हाय. जर्मनची बंदूक!"

पापड वानरांना सोडून मी खाली आलो आणि वही काढली.

या वहीबद्दल सांगायला हवं. लोक बंदुका जमवतात. मास्तरच्या पेन्शनीत बंदुकांच्या फक्त जाती जमतात. नेमबाजीच्या जुन्या रायफली कुठं कुणाकडं आहेत हे हुडकायचं, पाहायच्या, मालकानं दिली तर हातात घ्यायची, नंबर टिपायचा आणि चहा पिऊन परत यायचं. आंब्यात जसा केशर, दशेरी, पायरी, तसंच इथं. जर्मनीतल्या माउझरवाल्या ओबेर्नडॉर्फ गावची फाइनवेर्कबाऊ 300 एस घ्या. घोडा ओढला की तिचं आतलं यंत्र रुळावरून मागं सरकतं आणि खांद्याला धक्काच लागत नाही. तिच्यातच पोरांसाठी छोटी, पळत्या लक्ष्यासाठी वेगळी आणि डावखुऱ्यांसाठी गालाचा उंचवटा उलट्या बाजूला असलेली. डायना 75 चा न्याय निराळा. तिच्यात दोन दट्टे, एक पुढं धावतो तेव्हा दुसरा मागं, म्हणजे दोघांचा जोर एकमेकांतच जिरतो. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीचं कामकाज असंच चालायचं, फरक इतकाच की तिथून छर्राही बाहेर पडत नसे.

माझी स्वतःची बंदूक एकच, वडिलांनी घेतलेली नॅशनल 35. ती करणारी कंपनी इंडियन ह्यूम पाइप, म्हणजे वालचंद हिराचंदांनी 1926 मध्ये काढलेली. सिमेंटचे नळ करता करता त्यांनी अहमदाबादेत बंदुकाही केल्या. नळी ती नळीच, असा हिशेब असावा. चाळीस वर्षांनी तिचा चामडी वायसर गेला. त्यात तिचा दोष नाही, माझ्या गुडघ्याचाही त्याच सुमारास गेला. हातपंपाचे वायसर कापून देणाऱ्या एका कारागिराकडं मी ती घेऊन गेलो आणि काम बारीक आहे हे पटवायला त्याला फाइनवेर्कबाऊची गोष्ट सांगितली.

"कोण म्हन्लाव?"

"फाइनवेर्कबाऊ."

"हाव, फाईन वर्कच करून देतो, भाऊ," तो म्हणाला आणि त्यानं हातपंपाच्या मापाचा वायसर कापला.

कोल्हापूरकडं नेमबाज पिकतात, आमच्याकडं सोयाबीन. तिकडच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. पोरांना वाटलं, सरांची बदली झाली. पुढं 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला 451.4 गुणांवर कांस्यपदक घेतलं आणि गल्लीत मला एकदम मान आला. तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे मी सांगितल्यावर शेजारचे काका गंभीर झाले. "मंग तर आता तिकीट काढूनच बसावं लागतंय," म्हणाले. मी त्यांना माझ्या वहीतल्या, म्हणजे दहा मीटरच्या एअर रायफलचं गणित समजावलं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे पाहुणा दारापेक्षा नऊ पट रुंद. काका बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "मंग चुकतंय कसं?"

तर सेलू. सकाळची पॅसेंजर धरली. मानवत रोडपर्यंत मी मनात ठरवत होतो की 300 एस असेल; सेलू येईतो ती डावखुरी झाली होती. वाड्यात सतरंजी अंथरलेली, पोहे तयार, आणि मधोमध लाल फडक्यात गुंडाळलेली वस्तू. लांबी जरा कमी वाटली. फडकं सुटलं. आत दिवाळीत टिकल्या उडवायची बंदूक होती. जर्मनचीच होती. आपल्याकडं ज्याचं भगुनं असतं, त्या जर्मनची.

"एक बी डाग न्हाई पडला, सर," विद्यार्थी अभिमानानं म्हणाला. त्याला मी आठवी-नववीला भूगोल शिकवला होता, त्यामुळं फार बोलता आलं नाही. वहीत नोंद केली: साहित्य ॲल्युमिनियम, अवस्था उत्तम.

फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. पाळणे, मौत का कुआँ, मिठाई हे सगळं ओलांडून मी थेट फुग्यांच्या स्टॉलवर जातो. फुगे फोडायच्या बंदुका म्हणजे स्पर्धेच्या रायफलीची गरीब मावसबहीण. पण खानदान कधीकधी अशाच घरांत निघतं. यंदा पाचांतली चौथी हातात घेतली आणि अंगावर काटा आला. नळकांड्यावर तेलकट काजळीखाली एक बाई उभी होती, हात वर, हातात बंदूक. डायना! शिकारीची देवी, धनुष्यबाण खाली टाकून एअरगन उंचावलेली. तिच्याखाली कोरलेलं इंग्रजीत 'मेड इन', त्यापुढं 'जी', आणि त्यानंतरचं सगळं हजारो तळव्यांनी घासून साफ केलेलं.

आता इथं खरी मेख आहे. डायना मुळात जर्मनीतल्या राश्टाटची. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून तिची यंत्रं स्कॉटलंडला गेली, नावासकट, आणि तिथली मिल्ब्रो कंपनी 'डायना' करू लागली. मूळ घराला मग ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव लावायची चोरी. तिथं ते माल 'ओरिजिनल' म्हणून विकत बसलं. सातबारा भावकीच्या नावावर चढला की माणूस बोर्डावर 'मूळ मालक' लिहितो, तसं. तेव्हा हा 'जी' जर्मनीचा की ग्रेट ब्रिटनचा, यावर माझ्या वहीचं अख्खं पान अडलेलं. मी चष्मा पुसला, नंबर शोधला, नखानं काजळी खरवडली.

"साहब, मारो ना," स्टॉलवाले चाचा म्हणाले. "पब्लिक खडी है."

नुसतं पाहण्याचे पैसे घेत नाहीत म्हणून दहा छरे घेतले. आठ छऱ्यांनी मागचं पोतं टिपलं, दोन कुठं गेले ते पोत्यालाही कळलं नाही. चाचांनी हळहळून समोरची माशी जराशी वाकडी असल्याचं कबूल केलं. तेवढ्यात एका दहा वर्षांच्या पोरानं माझ्या हातातून बंदूक घेतली, त्याच वाकड्या माशीनं ओळीनं सात फुगे फोडले आणि कुल्फीकडं निघून गेला. तो डावखुरा होता. वहीत त्याचीही नोंद केली, राहवेना.

"चाचा, ये बाईवाली बंदूक आई कहाँ से?"

"पुरानी है, साहब. अब्बा लाये थे."

"हौ, पर कहाँ से?" माझा पेन्सिल धरलेला हात थरथरत होता. जर्मनी? ग्रेट ब्रिटन?

चाचांनी नवा फुगा फुगवला, गाठ मारली, खिळ्याला लटकवला.

"गंगाखेड से."